मापांची वही

कापड घरात आलं की आधी पाण्यात जायचं. रात्रभर बादलीत, सकाळी दांडीवर, दुपारी जरा दमट असतानाच इस्त्रीखाली, आणि मग कुठे त्याला कात्री लागायची. मांजरपाट असो, पॉपलीन असो, छीट असो, तोच नियम. खादीला तर सूटच नाही. गिरणीच्या कापडाच्या काठावर सोनेरी शाईत ‘सॅन्फोराइज्ड’ असा छाप असायचा, म्हणजे ते आटणार नाही असा गिरणीचा शब्द. आजी तो मानत नसे. "त्यांनी भिजवलं असेल, मी बघितलेलं नाही," एवढं म्हणून ती घडी बादलीत सोडायची. आधी आटू द्यायचं, मग बेतायचं. पुण्याच्या नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात हे असंच चालायचं, आणि ज्या घरात मशीन होतं त्या कसब्यातल्या, शनिवारातल्या, शुक्रवारातल्या घरांतही याहून वेगळं काही चालत नसणार.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९५० ते ७० या दोन दशकांत, विकतचा तयार कपडा म्हणजे बनियन आणि मोजे. बाकी सगळं कापडाच्या रूपात घरात यायचं आणि घरातच कपडा व्हायचं. नुसती यादी करायची म्हटली तरी श्वास घ्यावा लागतो : झबलं, टोपडं, लंगोट, दुपटं, कुंची, पेटीकोट, परकर, पोलकं, फ्रॉक, चट्ट्यापट्ट्याची चड्डी, आजोबांची कोपरी, काकांचा लेंगा, आईचे ब्लाऊज, उशांचे अभ्रे, तक्क्यांच्या खोळी, शाळेचं दप्तर, मंडईची पिशवी, मोड आणायला मटकी बांधायचं फडकं, रेडिओची झूल आणि खुद्द शिवणाच्या मशीनचा झगा. पुरुषांची पँट आणि कोट तेवढे शिंप्याकडे जायचे. आजी त्याचंही कारण सांगायची : पँटच्या बैठकीत एक बोट चुकलं तर माणूस बसायचा तो उभाच राहील, तेव्हा ते ज्याचं त्यानं करावं.

या सगळ्याच्या मुळाशी एक वही होती. लांबट, दुकानदार उधारीसाठी ठेवतात तसल्या बांधणीची. तिच्यात घरातल्या प्रत्येकाचं एक पान. डाव्या बाजूला वरून खाली उभे शब्द : उंची, छाती, कंबर, सीट, तीरा (खांद्यांची रुंदी), मुंढा (बाहीचं भोक), बाही, दंड, गळा पुढे, गळा मागे. आणि पुढे दर दिवाळीला एक नवा रकाना. आजीनं सुरू केलेली ती वही पुढे आईकडे आली, आईकडून काकूकडे. नवी सून आली की तिचं पान उघडायचं, हा जणू गृहप्रवेशाचाच भाग. माप घ्यायला आत्या आणि लिहायला काकू असा जोड बसला की संवादही ठरलेला असायचा. "वन्सं, तीरा किती?" "चवदा." "आणि गळा?" "गळा तू विचारू नकोस, आई ठरवतील."

त्या वहीत माणसं वाढताना दिसायची. भावाची उंची एका वर्षात तीन इंच सरकलेली, ताईच्या छातीच्या आकड्यापुढे पहिल्यांदाच लिहिलेलं ‘टक्स घेणे’, विषमज्वरातून उठलेल्या काकांची कंबर दोन इंचांनी आत गेलेली. काकूच्या पानावर एकाच वर्षात कंबरेचे तीन आकडे होते, एकाहून एक मोठे, आणि चौथा पुन्हा खाली. त्याच्या पुढच्या पानावर धाकट्या चुलतभावाचं नाव आणि फक्त एक ओळ : ‘झबलं, छाती १६’. कडेला बारीक अक्षरात शेरे. ‘डावा खांदा उतरता.’ ‘मान पुढे, मागचा गळा वर घेणे.’ ‘पोट आलंय, बोलू नये, पुढे अर्धा इंच जास्त.’ ज्या घरात कौतुक तोंडावर करायची पद्धत नव्हती, त्या घरात एकमेकांकडे इतकं नीट पाहिलेलं कुठेतरी लिहून ठेवलेलं होतं.

शिवता सगळ्यांनाच यायचं. धावदोरा, हेम, उलटी टीप, काजटाका हे शाळेतच शिकवायचे. मुलींच्या शाळेत शिवणाच्या तासाला चौकोनी रुमालाच्या चार कडांना चार टाके घालून आणावे लागत आणि बाई तो रुमाल उलटा करून बघत, कारण टाक्याची खरी परीक्षा मागच्या बाजूला. मशीनवर सरळ टीप मारणं हेही आठ-दहा दिवसांत पायाला जमायचं. कागदावर बिनदोऱ्याची टीप मारत राहायची, रेघेवरून सुई हटली नाही की दोरा ओवायची परवानगी. पण बेतणं निराळं. समोर कोरं कापड, हातात खडू आणि टेप, आणि या सपाट कापडातून गोल माणसाला बसेल असा आकार काढायचा. ते शिकावंच लागायचं. आणि आमच्या घरातल्या बायकांना अभिमान होता तो बेतण्याचा.

ते शिकायची जागा म्हणजे शिवणक्लास. दुपारी जेवणं, झाकपाक उरकली की दोन ते चार. पेठेपेठेत कुणा एका बाईंच्या बाहेरच्या खोलीत तीन-चार मशिनं, एक लांब टेबल, भिंतीला फळा. पुण्याला ही परंपरा जुनी होती. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं, तेव्हापासून शिकणं आणि हाताला काम मिळणं या दोन गोष्टी तिथे शेजारी शेजारी नांदल्या आणि त्यात शिवण होतंच. विधवा, परित्यक्ता, कमी शिकलेल्या कितीजणी तिथून पोटापुरतं कमवायला लागल्या. आमची मोठी आत्या त्या पिढीची. कमी वयात कपाळ पुसलं गेलं, माहेरी परत आली, शिवण शिकली. पुढे तिनंच वाड्यातल्या निम्म्या मुलींना शिकवलं. ती कुणाच्या उपकाराखाली राहिली नाही याचं श्रेय आमच्या घरात आजही त्या मशीनला आणि तिच्या त्या फाइलला देतात.

ती फाइल आठवते ना? शिवणक्लासला गेलेल्या प्रत्येकीकडे असायची. पानाच्या एका बाजूला पाव मापात काढलेलं ड्राफ्टिंग, म्हणजे चार इंचांचा एक इंच धरून. दुसऱ्या बाजूला तोच आकार रंगीत घोटीव कागदातून कापून चिकटवलेला. आणि पुढे बोटभर बाह्यांचा खराखुरा शिवलेला चिमुकला फ्रॉक, चिमुकली चड्डी, चिमुकला ब्लाऊज, पानाला चार टाक्यांनी अडकवलेला. बाहुल्यांनाही ते कपडे मिळायचे नाहीत. आम्ही मुली तासन् तास ती पानं उलटत बसायचो आणि आत्या एकच सांगायची, "हात पुसून बघा."

ड्राफ्टिंगची भाषा ही हिश्शांची भाषा. मुंबईच्या झारापकरांच्या पद्धतीचं पुस्तक तेव्हा मराठी घरांत आणि क्लासांत फिरायचं; कुणाच्या बाई त्यांचं शिकवायच्या, कुणाच्या बाई स्वतःच्या गुरूंचं. तपशील बदलले तरी गणित एकच. सगळं छातीवरून निघतं. छाती २४ इंच असेल तर चौथा हिस्सा ६, त्यात मोकळीक १ इंच, झाले ७, वर शिलाईचा दाब वेगळा. गळ्याची रुंदी छातीचा बारावा हिस्सा, म्हणजे २. मुंढ्याची खोली पुन्हा चौथ्या हिश्शाच्या आसपास. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त कोरायचा. का? आत्या हात पुढे करायला लावायची. "आता मागे करून बघ. किती जातो? माणूस सगळी कामं पुढे करतो. म्हणून पाठीला कापड जास्त लागतं आणि पुढे कमी." एवढं सांगितल्यावर ते कुणी विसरणं शक्यच नव्हतं.

घेरदार फ्रॉक आला की वर्तुळ आलं. कंबर २४, तर मधलं वर्तुळ किती त्रिज्येचं कापायचं? शाळेत परीघ आणि व्यास घोकणाऱ्या आम्हाला घरी त्याचा उपयोग कळला. परीघाला पायच्या दुपटीनं भागलं की ३.८ इंच येतात. आत्याला पाय माहीत नव्हता. ती म्हणायची, कंबरेचा सहावा हिस्सा घ्यायचा, म्हणजे ४, आणि त्यातून दोन दोरे मागे यायचं, कारण तिरक्या धाग्यावरचं कापड ओढ घेऊन पसरतं. उत्तर तेच. गणितात हुशार असूनही मॅट्रिकनंतर घरी बसवलेल्या कितीतरी बायकांनी आपलं गणित असं कापडावर चालवलं. हे मी हळवेपणानं म्हणत नाही. त्या खडूच्या रेघांत अपूर्णांक होते, प्रमाण होतं, वक्ररेषा होत्या, आणि उत्तर चुकलं तर अडीच वार कापड वाया जात होतं.

वायाच जाऊ द्यायचं नाही, ही तर बेतण्यातली अर्धी विद्या. कापडाचा पन्हा किती यावर सगळं अवलंबून. खादीचा पन्हा अरुंद, पॉपलीनचा ३६ इंच, पुढे मोठ्या पन्ह्याची कापडं आली. १९६० च्या आसपास दुकानात वार जाऊन मीटर आला, घरात मात्र इंच राहिला. कापड मीटरनं आणायचं आणि टेप इंचाची धरायची, हे आजतागायत तसंच आहे. सहा कळ्यांचा परकर बेतताना एक कळी सुलटी, तिच्या शेजारची उलटी, अशी मांडायची, म्हणजे एकीच्या रुंद बाजूशेजारी दुसरीची अरुंद बाजू बसते आणि मधे चिंधीसुद्धा पडत नाही. मोठ्या बहिणीच्या फ्रॉकच्या बाहीशेजारी धाकटीची चड्डी बसवायची. कोपऱ्यात उरलेल्या तिकोनातून उरेप पट्टी काढायची, ती गळ्याला. त्यातूनही काही उरलं तर चिंध्यांच्या गाठोड्यात. कापण्याआधी सगळे तुकडे कागदाचे करून, जमिनीवर पसरलेल्या कापडावर इकडून तिकडे सरकवत आई आणि काकू ओणव्या बसलेल्या असायच्या. त्या वेळी त्यांना चहा विचारायला जायचीसुद्धा कुणाची छाती नव्हती. कात्र्याही दोन. कागदाची वेगळी, कापडाची वेगळी. कापडाची मेरठहून आलेली, जड, आणि तिनं कागद कापणारा मुलगा त्या दिवशी घरात लपायला जागा शोधायचा.

आता आठवलं की नवल वाटतं, पण पाश्चात्त्य देशांत घरोघरी शिवणाऱ्या बायकांनी बहुधा दुसरी वाट धरली होती. एबेनेझर बटरिक नावाच्या अमेरिकन शिंप्यानं १८६३ मध्ये मापवारी कापलेले कागद विकायला काढले. आपल्या मापाचा कागद विकत घ्यायचा, कापडावर ठेवायचा, कापायचा. जर्मनीत एन्ने बुर्डा यांनी १९५० मध्ये काढलेल्या मासिकातही असे नमुन्यांचे मोठे ताव असत, एकाच तावावर अनेक कपड्यांच्या रेघा एकमेकींतून गेलेल्या. असा एक ताव जुन्या बाजारातून आमच्या घरात आला होता. आईनं आणि आत्यानं तो खिडकीच्या काचेवर धरून हव्या त्या रेघा गिरवल्या, फ्रॉकही झाला, छान झाला. पण आत्याचं मत बदललं नाही : "हा कागद कुणा तिसऱ्याच मुलीचा आहे. आपल्या मुलीचा आपण काढू." आमच्याकडे तयार कागद रुजला नाही, कारण प्रत्येक घरात प्रत्येकाचा कागद वेगळा निघायचा. ‘सकाळ’चा जुना अंक, त्यावर खडूनं गळा, मुंढा, बाही, कापून झाल्यावर त्यावर नाव, साल आणि माप लिहून, सुतळीत ओवून तो कागद खुंटीला लटकायचा. एखाद्याच्या छातीवर अग्रलेख, तर एखाद्याच्या बाहीवर नाटकाची जाहिरात. ‘स्त्री’, ‘माहेर’ अशा मासिकांतून आलेली कात्रणं वेगळ्या पाकिटात.

मशीन घरात आलं त्याचीही गोष्ट आहे. आजोबा पक्के खादीवाले. यंत्र घरात आणायचं म्हणजे तत्त्वाचा प्रश्न. पण गांधीजींनीच १९२४ मध्ये, यंत्रांना विरोध करताना, सिंगरच्या शिवणयंत्राला त्यातून वगळलं होतं. बायकोचे कष्ट पाहून प्रेमापोटी सिंगरनं ते केलं, असं त्यांनी म्हटल्याचं प्रसिद्ध आहे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना ससूनमध्ये आणून अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे आजोबांना त्या वर्षाचं सगळंच पाठ. आजीनं बरोबर ते वर्ष धरलं. "तुमच्या महात्म्यानं परवानगी दिली, आता तुम्ही द्या." मशीन आलं. हप्त्यानं आलं, आणि ते हप्ते आजीनं वाड्यातल्या बायकांची पोलकी शिवून फेडले. पुढे शेजारच्या बिऱ्हाडांत उषा आली, मेरिट आली. उषा आपली, कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगची, १९३० च्या दशकापासून देशात बनलेली. सिंगरवाले आणि उषावाले अशी वाड्यात गोड चढाओढ होती. कुणाची टीप बारीक, कुणाचं मशीन हलकं, कुणाची वादी वारंवार सुटते, यावर नळावर तास तास चर्चा.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांना तारीख सांगावी लागत नाही. पाणी ओसरल्यावर घरात घोट्याहून वर गाळ आणि त्या गाळात आडवं पडलेलं मशीन. वरची लाकडी फळी फुगून फाटली होती. आजीनं बाकी कशाला हात लावायच्या आधी मशीनचं डोकं सुटं केलं, घासलेटात ठेवलं, ब्रशनं दात्यातला गाळ काढला, शटल पुसलं, तेलाच्या बुधलीनं एकेका भोकात तेल सोडलं. चाक फिरलं तेव्हा ती पहिल्यांदा खाली बसली. पुढचे कित्येक दिवस मदतीचे कपडे येत होते, देशभरातून, सगळ्या मापांचे, आणि कुणालाच नीट न बसणारे. आमच्या आणि शेजारच्या वाड्यातल्या बायकांनी मिळून ते उसवले, छोटे केले, मोठे केले. कुठल्या तरी गावच्या अनोळखी मुलीचा फ्रॉक आमच्या ताईच्या अंगावर दोन वर्षं होता. मापांची वही मात्र वाचली होती. ती माळ्यावर होती, कारण त्या वर्षी दिवाळीला अजून अवकाश होता.

एवढ्या गंभीरपणे बेतणाऱ्या या बायका सिनेमाला गेल्या की मात्र पडद्यावर नटी काय म्हणते याकडे कुणाचं लक्ष नसायचं. अलकाला किंवा नीलायमला दुपारचा खेळ. मध्यंतरात कुजबुज, "पाहिलंस का, मागे बटणं आहेत." "नाही, बटणं नुसती दाखवायला, कडेला चेन आहे." आई तिकिटाच्या मागे पेन्सिलीनं गळा काढायची. फुग्याच्या बाह्या गेल्या, कोपरापर्यंतच्या आल्या. बोट नेक आला. बिनबाह्यांचा आला तेव्हा आजी काही दिवस बोलली नाही आणि मग म्हणाली, "करायचाच असेल तर मुंढा आवळ घ्या, नाहीतर आतलं दिसेल." १९७३ च्या ‘बॉबी’नंतर ठिपक्यांच्या कापडाला तुळशीबागेत आणि लक्ष्मी रोडवर उठाव आला. भावांना बेलबॉटम हव्या झाल्या. नव्या पँटींना पैसे नव्हते, म्हणून जुन्या पँटींचे पाय गुडघ्यापासून खाली उसवून त्यात तिकोनी कळ्या भरल्या. कळीचं कापड जरा वेगळ्या रंगाचं निघालं, आणि आठवडाभरात कॉलेजमधल्या चार मित्रांनी तशीच मागणी आणली.

तुळशीबाग म्हणजे शिवणाऱ्या बाईचं माहेर. राममंदिराच्या आवारात आधी रामाला नमस्कार, मग लेस, हूक, बटणं, इलॅस्टिक, रिळं. एका ब्लाऊजच्या अस्तराचा रंग जुळवायला चार दुकानं. दुकानदारही असे तयार की तुकडा हातात घेऊन उजेडात जायचे. "ताई, हा मोतिया आहे, तुम्ही पांढरा नेऊ नका." कापडाचे तागे स्वस्तात हवे तर रविवार पेठ. एका ताग्यातून सगळ्या भावंडांचे दिवाळीचे कपडे निघायचे आणि भाऊबिजेच्या फोटोत उजवीकडून डावीकडे एकच फूल पसरलेलं दिसायचं. तुमच्याही घरात तो फोटो आहे.

कपडा जन्मला तशी त्याची पुढची वाटही ठरलेली असायची. नव्या फ्रॉकला आत दोन बोटं दुमड, दर वर्षी थोडी सोडायला. सोडलेल्या दुमडीची फिकट रेघ झाकायला वर लेसची एक ओळ. मोठीचा धाकटीला, धाकटीचा मोलकरणीच्या मुलीला. लुगडं मधे विरलं की दोन तुकडे करून चांगल्या कडा मधे आणायच्या आणि दांड घालायचा. दांडाचं लुगडं घरात नेसायचं, बाहेर नाही. तेही विरलं की दुपटी, लंगोट. आजीचं नऊवारी मऊ होऊन होऊन अखेर तान्ह्या बाळाच्या अंगाला लागायचं, कारण पहिलं झबलं नव्या कापडाचं शिवायचं नाही, जुन्याचं शिवायचं. मग गोधडी. मग पायपुसणं. मग पोतेरं. युद्धकाळात, १९४३ नंतर कापडावर नियंत्रण आलं, ते दिवस आजीनं संसारात काढले होते. कापडाला मान द्यायचं तिनं तेव्हा शिकून घेतलं आणि पुढे तागे मुबलक आले तरी सोडलं नाही. अंगावरच्या कपड्याला टाका घालायची वेळ आली तर तोंडात काडी धरायला लावायची. का ते तिनं सांगितलं नाही, पण आम्हीही आमच्या मुलांना काडी धरायला लावली.

सगळ्यात सुंदर शिवण मात्र बाळंतविड्याचं. सात-आठ झबली, तेवढीच टोपडी, दुपटी, आणि एक खणाची कुंची, जिच्या काठाला जर आणि मागे गोंडा. पहिल्या संक्रांतीला बोरनहाणासाठी काळं झबलं, त्यावर हलव्याचे दागिने. वर्षभर काळं कापड घरात न आणणारी आजी त्या एका दिवसासाठी काळी मलमल आणायची आणि त्यावर पांढऱ्या अँकरच्या दोऱ्यानं चांदण्या काढायची. घरातली आम्ही सगळी त्या कुंचीतून गेलो. ती अजून आहे.

मग हळूहळू हे पातळ होत गेलं. आई-काकूंच्या नंतरच्या बायका नोकरीला लागल्या, दुपारचे दोन ते चार त्यांचे राहिले नाहीत. टेरिकॉट आलं, फाटेचना, तेव्हा दुरुस्तीही थांबली. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कापडाच्या काठावरची गिरण्यांची ओळखीची नावं एकेक करून दिसेनाशी झाली. लक्ष्मी रोडवर तयार कपड्यांच्या पाट्या वाढल्या. मुलांना एस, एम, एल कळू लागलं. तीरा आणि मुंढा कळेनासा झाला. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. तयार कपड्यांशी माझं भांडण नाही, ते स्वस्त आहेत, सोयीचे आहेत. पण एल म्हणजे कुणाची छाती? डावा खांदा उतरता असलेल्या माणसानं कुठल्या अक्षरात मावायचं? आमच्या वहीत प्रत्येक अंगाला जागा होती, वाकडं असलं तरी, सुटलेलं असलं तरी. अंगानं कपड्यात बसायचं नव्हतं. कपड्यानं अंगावर बसायचं होतं.

म्हणून गेल्या काही वर्षांत घरातल्या पुढच्या पिढीच्या मुली मोबाईलवर बघून बघून शिवायला लागल्या तेव्हा फार बरं वाटलं. त्यांची पद्धत वेगळी, कापड वेगळं, आत्याच्या फॉर्म्युल्यावर त्यांचे प्रश्नही वेगळे. छातीवरून मुंढा का काढायचा, दंडावरून का नाही, असं भाचीनं विचारलं, आणि ऐंशी ओलांडलेल्या काकूनं तिला दोन्ही काढून दाखवले. वहीत तिचं पान उघडलं. तिला शिवायचा होता कुर्ता, आणि तिची अट एकच, की त्याला खिसे हवेत, खरे, फोन मावेल असे. बाजारात बायकांच्या कपड्यांना खिसेच नसतात, असले तर बोटाच्या पेरापुरते.

काकूनं चष्मा लावला. "कंबरेच्या रेषेपासून अडीच इंच खाली ये. तिथून साडेसहा इंचांचं तोंड, बाजूच्या शिवणीतच. खिशाचं कापड चार तुकडे, दोन्हीकडे दोन दोन, हात ठेवून आखून घे, आणि बोटांच्या पुढे आणखी दोन इंच. तोंडाच्या दोन्ही टोकांना उलटी टीप दुहेरी मार, ओढ तिथेच बसते. आणि तुझा फोन दे इकडे, आधी त्याचं माप घेऊ."

भाचीनं फोन दिला. काकूनं टेप लावली आणि वहीत, भाचीच्या दंडाखाली, आणखी एक ओळ वाढली.